खडकाळ वाटांवरची गाडी: स्टिअरिंग आणि सस्पेन्शनबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांमध्ये एकच विचारणा आहे: कोणत्या गाडीची खालची बाजू जास्त टिकते? आमच्या मते जाड लोखंडाची गाडी टिकतेच असे नाही. दणका बसला की तो कोणत्या सांध्यात जाऊन थांबतो, तो सांधा झिजल्याचे वेळेत कळते का आणि वाटेत बदलता येतो का, यावर टिकाऊपणा ठरतो. खालची सगळी उत्तरे या कसोटीवर दिली आहेत.

प्रश्न: दोन वापरलेल्या चार-बाय-चार गाड्यांपैकी एक घ्यायची आहे. एकीला पुढे सॉलिड ॲक्सल आहे, दुसरीला इंडिपेंडंट सस्पेन्शन. अवघड वाटेवर कोणती जास्त टिकेल?

सॉलिड ॲक्सलमध्ये पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आडव्या नळीला जोडलेली असतात, इंडिपेंडंटमध्ये प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होते. आधी सांधे मोजा. कॉइल स्प्रिंगवरच्या सॉलिड ॲक्सलला पुढे दोन ते चार लांब आर्म, एक पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा), टाय रॉड (पुढची दोन्ही चाके जोडणारा), ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचा ओढा चाकाकडे नेणारा दांडा) आणि दोन्ही टोकांना वर-खाली किंगपिन बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (ज्यांवर चाक वळते ते सांधे) असतात. इंडिपेंडंटमध्ये प्रत्येक बाजूला वरचा आणि खालचा आर्म, त्यांचे चार बुश (सांध्यातले रबरी अस्तर), दोन बॉल जॉइंट, आतला आणि बाहेरचा टाय रॉड एंड, शिवाय ड्राइव्ह शाफ्टचे दोन सीव्ही जॉइंट (चाक वळले तरी ताकद पोचवणारे सांधे) आणि त्यांचे दोन रबरी बूट येतात. म्हणजे झिजणारे भाग जास्त आणि प्रत्येक भाग आकाराने लहान. संथ गतीने दगडांवर चढणे, जड ओझे आणि गॅरेजपासून दूरचा प्रवास असा वापर असेल तर आमचे मत सॉलिड ॲक्सलच्या बाजूने आहे.

वेगात खडबडीत रस्ता कापायचा असेल तर गणित उलटे होते. सॉलिड ॲक्सलचे सगळे वजन स्प्रिंगच्या खाली असते. एका चाकाला बसलेला हादरा ॲक्सलच्या नळीमार्गे दुसऱ्या चाकापर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोचतो. इंडिपेंडंटमध्ये चाक एकटे उडते आणि बाकीची गाडी शांत राहते. वाळूत आणि लांबच्या कच्च्या रस्त्यावर त्यामुळे चेसिस कमी थकते.

कंपन्यांनीही दोन्ही बाजूंना कौल दिलेला दिसतो. १९९८ मध्ये आलेल्या टोयोटा लँड क्रूझर १०० ला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळाले, पण त्याच काळात खडतर कामासाठी सॉलिड ॲक्सलची १०५ सुद्धा बनत राहिली. लँड क्रूझर ७० मध्ये १९९९ साली पुढचे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) जाऊन कॉइल आल्या, ॲक्सल मात्र सॉलिडच राहिला. मर्सिडीझ जी-क्लासने २०१८ साली पुढचा सॉलिड ॲक्सल सोडून इंडिपेंडंट घेतले. जीप रँग्लर आणि सुझुकी जिम्नी यांनी तो सोडलेला नाही.

प्रत्यक्ष दोन गाड्या समोर उभ्या असतील तर प्रकारापेक्षा झीज आधी पाहा. सॉलिड ॲक्सलमध्ये चाकामागच्या गोल नकलमधून (चाकासोबत वळणारा भाग) पातळ, काळसर ग्रीस ओघळत असेल तर आतले ॲक्सल सील गेले आहे. डिफरन्शियलचे (दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचे) ऑइल ग्रीसमध्ये मिसळते, ग्रीस धुऊन निघते आणि किंगपिन बेअरिंग कोरडे पडते. पॅनहार्ड रॉडचा चेसिसवरचा ब्रॅकेट तारेच्या ब्रशने साफ करून वेल्डच्या कडेने गंजाची बारीक रेघ दिसते का ते पाहा. रंगाखालची चीर बहुधा अशा रेघेवरूनच ओळखू येते.

इंडिपेंडंटमध्ये सर्वात जास्त भार खालच्या बॉल जॉइंटवर असतो, कारण स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असते आणि त्या कोपऱ्याचे वजन याच सांध्यातून चाकावर उतरते. हा सांधा कसा बसवला आहे तेही पाहावे. काही गाड्यांत वजनाने तो दाबला जातो, काहींत खेचला जातो. दाबला जाणारा सांधा झिजला तरी जागेवर राहतो. खेचला जाणारा झिजत झिजत एक दिवस निखळतो आणि चाक आडवे पडते. १९९५ ते २००४ मधल्या टोयोटा टॅकोमाचा खालचा बॉल जॉइंट या दुसऱ्या प्रकारचा होता. त्या रचनेत आवाज यायची वाट पाहू नये, सांधा मुदतीनेच बदलावा.

तपासायची रीत अशी. जॅक खालच्या आर्मच्या खाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावा आणि चाक जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर उचला. चेसिसखाली जॅक लावला तर स्प्रिंग सांध्याला ताणून धरते आणि झीज लपते. आता टायरखाली लांब पहार घालून चाक वर उचला. सांध्यात हालचाल डोळ्यांना दिसली किंवा कट् आवाज आला तर तो सांधा बदलायचा. मग टायर वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर सोबत्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनचा. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ जाणवला तर संशय टाय रॉडवर.

प्रश्न: सॉलिड ॲक्सलची गाडी ताशी ७०-८० किलोमीटरवर खड्ड्यातून गेली की स्टिअरिंग जोरात थरथरते, गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय थरथर जात नाही. गॅरेजमध्ये नवा स्टिअरिंग डॅम्पर बसवला. दोन महिने बरे गेले, आता पुन्हा तेच.

डॅम्परने (स्टिअरिंगचे धक्के शोषणाऱ्या नळीने) दोष झाकला होता, काढला नव्हता. पुढची दोन्ही चाके टाय रॉडने जोडलेली असल्यामुळे ती एकत्र डावी-उजवीकडे झुलू शकतात. सगळे सांधे घट्ट असतील तर खड्ड्याचा धक्का लगेच विरतो. कुठे एक-दोन मिलिमीटर खेळ असेल तर प्रत्येक झोक्यात चाकाला मोकळी जागा मिळते आणि झोका वाढत जातो. नवा डॅम्पर ती ऊर्जा काही दिवस शोषतो, मग तोही थकतो.

आमचा पहिला संशय पॅनहार्ड रॉडवर असतो. इंजिन चालू ठेवा, चाके जमिनीवरच राहू द्या. सोबत्याला स्टिअरिंग घड्याळाच्या दहा ते दोन इतके भरभर डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. तुम्ही बाहेरून, गाडीच्या बाजूला राहून, पॅनहार्डची दोन्ही टोके बघा आणि बोल्टच्या डोक्यावर बोट ठेवा. रॉड आणि ब्रॅकेट यांच्यात किंचितही सरक दिसता कामा नये. बोल्ट ढिला सापडला तर नुसता आवळून गाडी बाहेर काढू नका. बोल्ट काढून भोक पाहा. ते लंबगोल झाले असेल तर कितीही आवळले तरी आठवड्यात ढिले पडेल. तिथे योग्य मापाचे जाड वॉशर वेल्ड करून भोक पुन्हा गोल करावे लागते किंवा ब्रॅकेट बदलावा लागतो.

याच चाचणीत पुढे ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड, स्टिअरिंग बॉक्सचा पिटमन आर्म (बॉक्समधून निघून ड्रॅग लिंक हलवणारा हात) आणि बॉक्सचे चेसिसवरचे बोल्ट बघून घ्या. मग चाके उचलून वर सांगितल्याप्रमाणे किंगपिन आणि व्हील बेअरिंग पाहा. किंगपिन बेअरिंगला पुरेसा दाब आहे का, हे टाय रॉड सोडवून, नकलच्या आर्मला स्प्रिंग काटा अडकवून मोजतात. चाक फिरायला लागताना काट्यावर येणारा आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या आकड्यापेक्षा कमी असेल तर शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी करून दाब वाढवायचा. हे काम बरेच मेकॅनिक टाळतात, आणि जुन्या गाडीची थरथर नेमकी इथेच दडलेली असते.

टायरचे बॅलन्सिंग, रिममध्ये आतून चिकटलेला वाळका चिखल आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक वळण्याच्या अक्षाचा मागे कललेला कोन) हे तीन मुद्दे शेवटी येतात. गाडी उंच केलेली असेल तर कॅस्टर मात्र आधी मोजून घ्या.

थरथर सुरू झाली तर स्टिअरिंग घट्ट धरा, ॲक्सिलरेटर सोडा आणि सावकाश वेग उतरू द्या. एकदा जोराची थरथर झाली की प्रत्येक सांधा नव्याने तपासावा लागतो, कारण ती चांगले सांधेही खराब करते.

प्रश्न: रॅक अँड पिनियन स्टिअरिंग दगडधोंड्यांत टिकत नाही, जुना स्टिअरिंग बॉक्सच बरा, असे ऐकतो. खरे आहे का?

अर्धे खरे. जुन्या बॉक्समध्ये स्क्रू आणि नट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या फिरतात. चाकाला बसलेला उलटा धक्का अनेक गोळ्यांवर वाटला जातो, म्हणून हातापर्यंत तो कमी पोचतो. सॉलिड ॲक्सल खूप वरखाली होतो आणि चेसिसला घट्ट बसवलेल्या रॅकला (छोट्या दातेरी चाकाने डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दातेरी दांड्याला) ते झेपत नाही. त्यामुळे सॉलिड ॲक्सलवर बॉक्सच दिसतो. जिम्नीत मदतीला विजेची मोटर आहे, पण मूळ यंत्रणा बॉक्सचीच आहे.

रॅकमध्ये भाग कमी, स्टिअरिंग नेमके आणि चाकाखाली काय चालले आहे ते हाताला चटकन कळते. मोठे टायर लावून, डिफरन्शियल लॉक करून, दोन दगडांमध्ये अडकलेले चाक जबरदस्तीने वळवले तर आतला टाय रॉड वाकतो किंवा त्याच्या आट्यांशी तुटतो. एका अर्थाने ते बरेच आहे, कारण वाकलेला रॉड अर्ध्या-पाऊण तासात बदलता येतो, रॅकचा दात तुटला तर वाटेत काही करता येत नाही. म्हणून रॅकच्या गाडीत एक आतला आणि एक बाहेरचा टाय रॉड सुटा ठेवावा. फक्त रॉड जाड करून घेऊ नये, कारण मग तोच दणका रॅकच्या दातांवर आणि घराच्या बोल्टांवर जातो.

रॅकचा खरा शत्रू चिखलपाणी आहे. दोन्ही टोकांच्या घडीदार रबरी बुटाला नखाएवढी चीर पडली तरी आत वाळू जाते, दांडा गंजतो आणि सील कापले जाते. प्रत्येक पाण्यातल्या प्रवासानंतर बूट ताणून घड्यांच्या आत पाहा. बूट दाबल्यावर आतून पाणी किंवा ऑइल आल्यास दुरुस्ती लांबवू नका.

बॉक्सलाही त्याची दुखणी आहेत. पिटमन आर्मच्या वरचे सील गळते. जाड टायरमुळे बॉक्स ज्या जागी चेसिसला धरलेला असतो तिथला पत्रा चिरतो, आणि ही चीर उशिरा कळते. खेळ वाढला की वरचा समायोजन स्क्रू आवळायची सवय अनेकांना आहे. आधी बाहेरचे सांधे तपासा. बहुतेक वेळा खेळ तिथेच सापडतो. स्क्रू आवळायचाच असेल तर चाके अगदी सरळ ठेवून, एका वेळी पाव फेऱ्याहून कमी. जास्त आवळला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून परत येत नाही आणि आतले दात जळतात.

दोन्ही प्रकारांसाठी एक नियम: स्टिअरिंग शेवटच्या टोकाला दाबून धरू नये. हायड्रॉलिक पंपाचा दाब तेव्हा कमाल असतो आणि ऑइल काही सेकंदांत तापते. विजेच्या मदतीचे स्टिअरिंग असेल तर मोटर गरम झाली की मदत कमी होते आणि स्टिअरिंग एकदम जड लागते. तेव्हा गाडी थांबवून मोटर निवू द्या. उभ्या गाडीत चाके फिरवण्याऐवजी गाडी वीतभर पुढे-मागे सरकवत वळवली की निम्मा ताण वाचतो.

प्रश्न: गाडी १०० मिलिमीटर उंच करायची आहे. स्टिअरिंगवर काय परिणाम होईल?

पुढे इंडिपेंडंट असेल तर मूळ आर्म ठेवून ५० मिलिमीटरच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर ड्राइव्ह शाफ्ट इतका तिरका होतो की सीव्हीच्या बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून फाटतात. वरचा बॉल जॉइंट त्याच्या कोनाच्या टोकाला जातो, आणि चाक खाली सुटायला जागा न उरल्याने शॉक ॲब्सॉर्बर प्रत्येक खड्ड्यात आतून आपटतो. स्प्रिंगवर नुसता स्पेसर ठेवून उंची मिळवलेल्या गाड्यांत हे लवकर दिसते. ५० मिलिमीटरलाही वरचे आर्म बदललेले बरे, म्हणजे अलाइनमेंट मापात बसते.

सॉलिड ॲक्सलवर १०० मिलिमीटर जमते, पण चार गोष्टी एकत्र कराव्या लागतात. आर्मचे कोन बदलल्याने कॅस्टर कमी होतो आणि गाडी सरळ रेषेत भरकटते. त्यासाठी तिरक्या भोकाचे बुश किंवा लांबी बदलता येणारे आर्म हवेत. पॅनहार्ड रॉड जास्त तिरका होतो, म्हणून अख्खा ॲक्सल रॉडच्या चेसिसकडच्या बाजूला सरकतो. दोन्ही चाकांच्या मडगार्डवरून ओळंबा सोडून हे मोजता येते. लांबी बदलता येणारा पॅनहार्ड बसवून ॲक्सल मध्यावर आणावा लागतो. चौथी गोष्ट ब्रेकचे होज (रबरी नळ्या) आणि बंपस्टॉप (ॲक्सलला फार वर जाऊ न देणारे रबरी ठोकळे) यांची. होज ताणाला पुरतात का ते चाक पूर्ण खाली सोडून पाहायचे आणि नव्या उंचीनुसार बंपस्टॉप वाढवायचे.

तिसरी गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली, कारण इथेच चूक होते. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समोरून पाहता एकमेकांना समांतर असायला हवेत. तसे असतील तर ॲक्सल वर-खाली होताना दोघे एकाच वर्तुळखंडात फिरतात. ड्रॅग लिंक तिरकी झाली म्हणून नुसता खाली वाकलेला पिटमन आर्म बसवला आणि पॅनहार्डचा ब्रॅकेट तसाच ठेवला, तर प्रत्येक उंचवट्यावर स्टिअरिंग स्वतःहून वळते. बदलायचे तर दोन्ही.

जीप चेरोकी एक्सजेसारख्या गाड्यांत एका बाजूचा टाय रॉड ड्रॅग लिंकलाच जोडलेला असतो. तिथे उंची बदलली की टो-इनही (पुढची चाके समोर किंचित आत वळलेली असणे) बदलते, म्हणून उंची वाढवल्यानंतर टो-इन लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

बुशचे सगळे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लोंबकळत्या स्थितीत आवळले तर बुशचे रबर पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने सगळे पुन्हा तपासा आणि नटपासून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

प्रश्न: पाटे, कॉइल आणि एअर सस्पेन्शन यांपैकी लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर कोण टिकते? माझा शॉक ॲब्सॉर्बर दर वर्षी गळतो.

लाटांवर स्प्रिंगआधी शॉक ॲब्सॉर्बर मरतो. सतत लहान, जलद हालचालीने आतले ऑइल तापते, पातळ होते, सील कडक होऊन गळते. सर्वात स्वस्त उपाय टायरमध्ये आहे. ३२ पीएसआयवर चालवत असाल तर कच्च्या रस्त्यावर २४-२५ पर्यंत हवा उतरवा, वेगही उतरवा आणि डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा भरा.

नळीचा प्रकारही पाहा. मोनोट्यूबमध्ये पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरतो, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर जाते, पण दगडाने नळीला पोचा पडला की पिस्टन अडकतो. ट्विनट्यूबमध्ये आत दुसरी नळी असते, ती पोचा सहन करते, मात्र लवकर तापते. लांब, शॉक तापवणाऱ्या रस्त्यांसाठी आम्ही मोनोट्यूब निवडू, दगडांत रांगणाऱ्या गाडीसाठी ट्विनट्यूब. शॉक ॲब्सॉर्बर मेला का हे बंपर दाबून कळत नाही. खडबडीत टप्प्यानंतर अंतरावरून मोजणाऱ्या थर्मामीटरने चारही नळ्यांचे तापमान घ्या. त्याच ॲक्सलवरच्या जोडीदारापेक्षा जो खूप थंड आहे तो काम करत नाही.

पाटा हा स्प्रिंगही आहे आणि ॲक्सल धरून ठेवणारा आर्मही. एखादा पाटा तुटला तरी हळूहळू घरी येता येते, ही त्याची मोठी ताकद. मुख्य पाटा डोळ्याजवळ (टोकाच्या गोल वळशाजवळ) तुटतो, आणि यू-बोल्ट ढिले राहिले तर सेंटर बोल्ट कापला जाऊन ॲक्सल मागे सरकतो. यू-बोल्ट एकदा काढले की पुन्हा वापरू नका, ते ताणलेले असतात. नवे बसवताना समोरासमोरचे कर्ण धरून थोडे थोडे आवळा आणि काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. एक सेंटर बोल्ट सोबत असू द्या.

कॉइल स्वतः क्वचित तुटते. तुटते ती बहुधा शेवटच्या वेढ्याशी, जिथे वाळू अडकून रंग खरवडला जातो आणि गंज लागतो. एअर सस्पेन्शनचा आराम आणि उंची बदलण्याची सोय आम्हालाही मोलाची वाटते, पण रबरी पिशवीच्या घडीत खडा अडकला की ती कुरतडली जाते, आणि हळू गळतीने कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. पिशव्या महिन्यातून एकदा पूर्ण उंचीवर नेऊन धुवा आणि घड्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहा.

प्रश्न: रबरऐवजी पॉलियुरेथेनचे बुश बसवावेत का?

शॅकल (पाट्याचे टोक चेसिसला जोडणारा झुलता दुवा) आणि स्टॅबिलायझर बारवर (गाडीला वळणात कलू न देणारा दांडा) बसवा. सॉलिड ॲक्सलच्या रेडियस आर्मवर (ॲक्सलला पुढे-मागे धरणारा लांब आर्म) रबरच ठेवा. एक चाक वर, एक खाली असताना आर्म पिळला जातो. रबर तो पीळ गिळते, कडक पॉलियुरेथेन तो ब्रॅकेटकडे ढकलते आणि वेल्ड चिरते.

प्रश्न: चाके बाहेर काढायला ३० मिलिमीटरचे स्पेसर लावले तर?

व्हील बेअरिंग, किंगपिन आणि बॉल जॉइंटवर तरफ वाढते, आणि खड्ड्याचा धक्का स्टिअरिंगला जास्त जोराने ओढतो. गाडी अवघड वाटेवर जात असेल तर आम्ही नको म्हणू.

प्रश्न: रानात टाय रॉड वाकला, पुढची चाके वेगवेगळ्या दिशांना पाहत आहेत. काय करावे?

सॉलिड ॲक्सलचा लांब टाय रॉड असेल तर तो काढा. कॉटर पिन काढून नट दोन-तीन आटे ढिला करा, पण पूर्ण काढू नका. मग आर्मच्या डोळ्यावर बाजूने हातोड्याचे दोन-तीन जोरदार घाव घाला, सांधा सुटतो. आट्यांवर थेट घाव घातला तर नट परत बसणार नाही. रॉड दोन ओंडक्यांवर ठेवून वाकलेला भाग वर करा आणि हातोड्याने किंवा जॅकने, वरून गाडीचा आधार घेऊन, सावकाश सरळ करा. तापवू नका. सरळ झाल्यावर वाकलेल्या जागी अँगल किंवा दोन पाने लांबीला लावून होज क्लॅम्पने बांधा, नाहीतर तो तिथेच पुन्हा वाकतो.

परत बसवल्यावर टो-इन मोजा. दोन्ही टायरच्या मध्यावर खडूने खूण करा, हबच्या उंचीवर पुढच्या बाजूने अंतर घ्या, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून तीच खूण मागे आल्यावर पुन्हा घ्या. पुढचे अंतर मागच्यापेक्षा एक ते तीन मिलिमीटर कमी असावे. रॉडचे लॉकनट सोडून तो फिरवला की हे जुळते. लॉकनट आवळायला विसरू नका. नवा रॉड बसेपर्यंत ताशी ३०-४० च्या पुढे जाऊ नका आणि दर थांब्यावर बांधलेली जागा पाहा.